पीस लिलीने मान टाकली? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मलूल झालेल्या, पिवळ्या पडलेल्या, फुलं द्यायचं विसरलेल्या पीस लिलीबद्दल, म्हणजे पांढऱ्या फुलांच्या या कुंडीतल्या झाडाबद्दल, वर्षभर विचारणा होत असते. मोसमाप्रमाणे तिचा सूर बदलतो: एप्रिलमध्ये "जळली", जुलैमध्ये "कुजली", जानेवारीत "वाढतच नाही". ते प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत इथे दिलेत. घाईत असाल तर प्रश्न १ आणि ४ एवढे तरी वाचा. बहुतेक तक्रारींचा उगम तिथेच आहे.

१. पीस लिलीची सगळी पानं अचानक लोंबायला लागली. लगेच पाणी घालू ना?

लगेच नको. आधी मातीत बोट घाला, दुसऱ्या पेरापर्यंत. तहान लागली तरी हे झाड मान टाकतं आणि मुळं कुजली तरी टाकतं. लांबून बघणाऱ्याला दोन्ही एकसारखंच दिसतं. कुजकी मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून चिखलात उभं असूनही झाड तहानलेलंच राहतं. आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून आपण आणखी एक मग ओततो. घराघरांतल्या पीस लिली मरतात त्या या पाहुणचाराने.

बोट कोरडं निघालं आणि कुंडी उचलल्यावर हलकी लागली, तर तहान आहे. खालच्या भोकांतून वाहीपर्यंत पाणी द्या. दोन-चार तासांत पानं उभी राहतात. फारच सुकली असेल तर दुसऱ्या दिवसापर्यंत वाट बघा. बोटाला ओली माती चिकटली आणि कुंडी जड आहे, तर थेंबभरही पाणी नको, थेट प्रश्न ४ वाचा. माती नुसती ओलसर आहे, पण झाडावर दुपारचं ऊन किंवा एसीचा झोत येतोय, तर पाण्याचा संबंध नाही. झाड तिथून हलवा, संध्याकाळपर्यंत सावरेल.

२. आठवड्यातून किती वेळा पाणी द्यायचं?

असा आकडा देता येत नाही, आणि कुणी दिला तर विश्वास ठेवू नका. तेच झाड जुलैच्या मुंबईत आठवडाभर पाण्याशिवाय मजेत राहतं आणि मे महिन्यातल्या नागपुरात दुसऱ्याच दिवशी पाणी मागतं. मातीचा वरचा इंचभर थर कोरडा झाला की द्यायचं, आणि देताना पोटभर द्यायचं. रोज अर्धी वाटी शिंपडल्याने वरची माती ओली दिसते, खालची मुळं मात्र कोरडीच राहतात.

"मान टाकेपर्यंत थांबा, मगच पाणी द्या" हा सल्लाही खूप फिरतो. एखाद्या वेळी झालं तर झाड माफ करतं. दरवेळी तसं केलं तर बारीक मुळं मरत जातात आणि खालची पानं पिवळी पडून गळतात.

आणखी एक, घरगुती राजकारणाचा धोका पत्करून सांगतो: पाणी घालणारं माणूस एकच असू द्या. सकाळी आई, दुपारी मावशी आणि संध्याकाळी ऑफिसातून आलेले तुम्ही, अशा तिघांच्या मायेत बऱ्याच कुंड्या बुडाल्या आहेत.

३. पाणी घातलं, खालून वाहूनही गेलं, तरी मान खालीच. असं का?

तुमच्या कुंडीत बहुधा निव्वळ कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आहे आणि ते एकदा पार वाळलंय. ठणठणीत वाळलेलं कोकोपीट आक्रसतं, कुंडीच्या कडेपासून सुटतं, आणि वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं. मधला मुळांचा गोळा कोरडाच राहतो. खालून पाणी आलेलं बघून आपलं समाधान होतं, एवढंच.

कुंडी बादलीत किंवा घमेल्यात ठेवा, अर्ध्या उंचीपर्यंत पाणी भरा. हलके बुडबुडे येऊ लागतील. ते थांबले आणि वरचा थर ओला दिसला, की बाहेर काढून नीट निथळू द्या. अर्धा-पाऊण तास पुरतो. बादलीतच रात्रभर विसरू नका.

४. माती ओलीच आहे, तरी झाड मलूल. मुळं कुजली असतील तर वाचवायचं कसं?

झाड कुंडीतून बाहेर काढल्याशिवाय हे कळणार नाही, आणि काढायला घाबरू नका. वर्तमानपत्र पसरा, कुंडी आडवी करा, कडेने थापट्या द्या आणि बुंध्याला धरून गोळा सावकाश बाहेर ओढा. नळाच्या हळू धारेखाली मुळं मोकळी धुवा.

आता एकेक मूळ दोन बोटांत धरून बघा. निरोगी मूळ पांढरट असतं, हाताला टणक लागतं. कुजलेलं मूळ तपकिरी-काळं आणि लिबलिबीत असतं. ते चिमटीत धरून ओढलं की वरची साल सुरळीसारखी सुटून हातात येते आणि आत दोऱ्यासारखी एक तार उरते. ही खूण पक्की. वासाचीही मदत होते: निरोगी गोळ्याला पावसातल्या मातीचा वास असतो, कुजलेल्याला तुंबलेल्या मोरीचा.

स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने सगळी लिबलिबीत मुळं कापून टाका. मन घट्ट करून, टणक भाग लागेपर्यंत. मुळं निम्मी गेली असतील तर वरचा भारही हलका करावा लागतो, नाहीतर उरलेली मुळं एवढ्या पानांना पाणी पुरवू शकत नाहीत. फुलं सगळी काढा, पिवळी पानं काढा, आणि उरलेल्यांतली सर्वांत जुनी तिसरा हिस्सा पानंही बुडापासून कापा.

यानंतर बहुतेकांची चूक होते ती कुंडीत. "आता मोकळं वाढू दे" म्हणून मोठी कुंडी आणली जाते. मुळं थोडी आणि माती भरपूर, म्हणजे ती माती आठवडाभर ओली राहणार आणि कूज पुन्हा सुरू होणार. उरलेल्या मुळांना जेमतेम पुरेल एवढीच छोटी कुंडी घ्या, नवं मिश्रण भरा (प्रश्न १०), एकदा हलकं पाणी द्या आणि उजेडाच्या पण उन्हाच्या नसलेल्या जागी ठेवा. हवा कोरडी असेल तर वरून पातळ प्लास्टिकची पिशवी सैलसर घाला, तिला दोन-चार भोकं पाडून. पुढचे चार ते सहा आठवडे खत अजिबात नको. नवं, सुरळी झालेलं पान वर यायला लागलं की झाड रुळलं असं समजा.

हळद किंवा दालचिनीची पूड कापलेल्या जागी लावू का, असंही विचारतात. लावा, काही बिघडत नाही. पण कुजलेलं मूळ हळदीने बरं होत नाही, ते कापावंच लागतं. नव्या मिश्रणात ट्रायकोडर्मा मिसळलं तर त्याचा उपयोग होतो. ती मातीतल्या रोगकारक बुरशींना आवर घालणारी बुरशी आहे आणि कृषी सेवा केंद्रात सहज मिळते.

५. सगळी पानं गेली, मातीलगत नुसता खुंट उरलाय. अजून आशा आहे का?

खुंट दाबून बघा. टणक असेल तर आहे. पीस लिली जमिनीलगतच्या जाड, आखूड खोडातून नवी पानं काढते. मुळं तपासा, खराब असतील ती काढा, लहान कुंडीत लावा आणि माती जेमतेम ओलसर ठेवा. पान नसलेलं झाड फार कमी पाणी पितं, हे लक्षात असू द्या. उबदार दिवसांत महिना-दीड महिन्यात कोंब दिसतो, थंडीत जास्त वेळ लागतो. खुंट दाबल्यावर बोट आत गेलं तर प्रश्न २२.

६. पानांची टोकं तपकिरी होतात. हवेत ओलावा कमी म्हणून का?

तेही एक कारण, पण आपल्याकडे संशय आधी पाण्यावर घ्यावा. बोअरवेलच्या जड पाण्यातले क्षार आणि जास्त झालेलं खत मातीत साठत जातं. त्याचा पहिला फटका पानाच्या टोकाला बसतो. मातीवर किंवा कुंडीच्या काठावर पांढरी खरपुडी दिसत असेल तर दुसरा पुरावा नको. कुंडी मोरीत ठेवा आणि तिच्या मापाच्या तिप्पट-चौपट पाणी सावकाश ओतून क्षार धुऊन काढा. दोन-तीन महिन्यांतून एकदा हे करावं.

या झाडाला फ्लोराइडही मानवत नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या ज्या भागांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे, तिथे टोकं जळण्याची तक्रार पाणी बदलल्याखेरीज जात नाही. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवलं तर क्लोरीन बरंचसं उडून जातं. फ्लोराइड तसं जात नाही, आणि पाणी उकळलं तर उलट तेवढ्याच पाण्यात त्याचं प्रमाण वाढतं. पावसाचं पाणी सर्वांत उत्तम.

तपकिरी झालेलं टोक पुन्हा हिरवं होणार नाही. डोळ्यांना खुपत असेल तर कात्रीने पानाच्या आकारात तिरकं कापा, हिरव्या भागाला न लागता.

७. आरओ मशीनमधून वाया जाणारं पाणी आणि एसीचं पाणी चालेल का?

एसीचं चालेल. आरओचं वाया जाणारं नको. एसीच्या नळीतून टपकणारं पाणी म्हणजे हवेतलाच ओलावा, त्यात क्षार जवळजवळ नसतात. बादली स्वच्छ ठेवा आणि पाणी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, एवढंच. आरओ मशीन मात्र पिण्याच्या पाण्यातले क्षार काढून नेमके या बाजूच्या नळीत सोडतं. त्या पाण्याने फरशी पुसा, गाडी धुवा.

८. पानं पिवळी पडतायत. कशाची कमतरता आहे?

कुठलं पान पिवळं होतंय ते आधी बघा.

सर्वांत खालचं, जुनं, एखादं पान पिवळं पडणं म्हणजे त्याचं आयुष्य संपलं, काढून टाका. एकाच वेळी तीन-चार पानं पिवळी आणि माती ओली, तर पाणी जास्त होतंय. नवी पानंच फिकट पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, तर झाडाला लोह घेता येत नाहीये. जड पाण्याने मातीचा सामू (पीएच) वाढला की हे होतं, म्हणून खताआधी पाणी सुधारा. जुन्या पानांच्या कडा पिवळ्या आणि मधला भाग हिरवा, हे मॅग्नेशियम कमी असल्याचं लक्षण. एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) वापरायची खरी वेळ हीच: एक लिटर पाण्यात अर्धा चमचा, महिन्यातून एकदा. सगळ्या आजारांवर एप्सम सॉल्ट टाकायची जी साथ आली आहे, तिच्यापासून झाड वाचवा.

९. "सावलीतलं झाड" म्हणून पॅसेजमध्ये ठेवलंय. तिथे ते नुसतं जिवंत आहे. बरोबर आहे ना जागा?

नुसतं जिवंत आहे, यातच उत्तर आलं. कोलंबिया आणि मध्य अमेरिकेच्या दमट जंगलांत ही झाडं उंच वृक्षांखाली वाढतात. तिथे ऊन थेट पोचत नाही, पण उजेड दिवसभर असतो. आपला पॅसेज हा उजेडच नसलेला कोपरा आहे. ट्यूबलाइट न लावता वर्तमानपत्र वाचता आलं पाहिजे, ही साधी कसोटी. पूर्वेची किंवा उत्तरेची खिडकी उत्तम. पश्चिमेच्या गॅलरीत ग्रिलपासून चार-पाच फूट आत किंवा पातळ पडद्याआड. दुपारचं ऊन लागलं की पानावर आधी फिकट, मग कागदासारखे वाळलेले डाग पडतात.

अंधारातून उजेडात आणताना एकदम आणू नका, आठ-दहा दिवसांत टप्प्याटप्प्याने सरकवा.

१०. माती कोणती घेऊ? आणि भेट आलेली सिरॅमिकची कुंडी आहे, तिला खाली भोकच नाही.

निव्वळ लाल माती नको, पाण्याने ती थापून घट्ट बसते. साधारण दोन भाग कोकोपीट, एक भाग चांगलं मुरलेलं गांडूळखत आणि एक भाग काहीतरी भरड: परलाइट (नर्सरीत मिळणारे पांढरे, हलके खडे), भाताचं तूस, कोळशाचे किंवा विटेचे हरभऱ्याएवढे तुकडे. मूठभर मिश्रण ओलं करून आवळा. लाडू वळला आणि बोट लावताच फुटला तर जमलं. तसाच घट्ट राहिला तर आणखी भरड माल घाला.

भोक नसलेल्या कुंडीत झाड थेट लावू नका. प्लास्टिकच्या साध्या कुंडीत लावा आणि ती या शोभेच्या कुंडीत बसवा. पाणी देताना बाहेर काढा, निथळली की परत ठेवा. "तळाला खडे टाकले की झालं" हे खरं नाही. मिश्रणातलं पाणी खड्यांच्या थरावर येऊन अडतं, उलट मुळांच्या आणखी जवळ.

कुंडी बदलताना आधीच्यापेक्षा फार तर दोन इंच मोठी घ्यावी. मुळं थोडी आवळलेली असली तरी या झाडाची तक्रार नसते.

११. खत कोणतं देऊ? चहाचा चोथा, तांदळाचं धुवण, ताक?

पीस लिलीला खताची भूक फार नाही. फेब्रुवारी ते ऑक्टोबर दर दोन-तीन महिन्यांनी मूठभर गांडूळखत पुरतं. ते नको असेल तर पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समान असलेलं खत) लिटरला एक ग्रॅम, महिन्यातून एकदा, आधीच ओल्या असलेल्या मातीत. आजारी झाडाला खत देऊ नका.

आपला चहाचा चोथा दूध-साखरेत उकळलेला असतो. तो तसाच कुंडीत टाकला की मुंग्या, बुरशी आणि प्रश्न १५ मधली चिलटं हजर. धुऊन, कंपोस्टमध्ये कुजवून वापरा. तांदळाच्या धुवणाचंही तसंच. ताक कढीला ठेवा.

१२. आणली तेव्हा आठ-दहा फुलं होती. त्यानंतर वर्षभर एकही नाही. काय बिघडलं?

कदाचित काहीच नाही. मोठे उत्पादक रोपांवर जिबरेलिक ॲसिड या संप्रेरकाची फवारणी करतात. त्यानंतर साधारण अडीच-तीन महिन्यांत सगळी रोपं एकदम फुलतात आणि फुललेलं झाड विकायला सोपं जातं. तुम्ही विकत घेतला तो फवारणीचा बहर होता. त्याचा भर ओसरला की झाड आपल्या वेळापत्रकावर येतं.

आता फुलं आणायची तर उजेड वाढवा (प्रश्न ९). नव्वद टक्के उत्तर तेवढंच. पानं गर्द हिरवी, रसरशीत आणि फूल मात्र नाही, असं असेल तर नत्रयुक्त खत थांबवा. वेगळं करून लावलेलं छोटं रोप असेल तर त्याला निदान वर्ष द्या. घरी ते संप्रेरक फवारायच्या भानगडीत पडू नका. मात्रा चुकली की वेडीवाकडी फुलं येतात.

१३. पांढरी फुलं हिरवी व्हायला लागली. रोग आहे का?

नाही, वय आहे. आपण ज्याला फूल म्हणतो ते पांढरं आवरण हे रूप बदललेलं पान आहे. खरी फुलं मधल्या दांड्यावर, दाण्यांएवढी. जुनं झालं की आवरण हिरवं आणि मग तपकिरी होतं. देठ बुडापासून कापून टाका. नवीन उमललेलं फूलच हिरवट असेल तर उजेड किंवा खत यांपैकी काहीतरी जास्त होतंय, किंवा जात तशी आहे.

१४. पानांवर पांढरी पूड दिसते. कीड पडली?

बोटाने पुसून बघा. कोरडी, पिठूळ, सहज पुसली गेली आणि नेमकी फुलाच्या खालच्या पानावर असेल तर ते परागकण आहेत. नको असतील तर पांढरं आवरण न दुखवता मधला दांडा कापता येतो.

पानाच्या मागे, देठाच्या बेचक्यात कापसाचे पुंजके असतील, चिकट लागत असेल, मुंग्या फिरत असतील, तर पिठ्या ढेकूण. कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून एकेक पुंजका टिपा. मग लिटरभर कोमट पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि भांडी धुण्याच्या लिक्विडचे चार-पाच थेंब मिसळून संध्याकाळी फवारा, पानांच्या मागूनही. आधी एका पानावर करून बघा. आठवड्याच्या अंतराने तीन वेळा तरी करावं लागतं, कारण अंडी पहिल्या फवाऱ्यात मरत नाहीत. पानं धुरकट, निस्तेज आणि मागे बारीक जाळी असेल तर लाल कोळी. पानं नळाखाली नीट धुवा, मग हीच फवारणी.

१५. कुंडीभोवती बारीक काळी चिलटं उडतात. झाडाला धोका?

मोठ्या झाडाला फारसा नाही. चिलटं म्हणजे माती सतत ओली असल्याची चुगली. वरचा थर दोन इंच कोरडा होऊ द्या, त्यावर जाडसर वाळूचा थर द्या, शेजारी पिवळा चिकट सापळा लावा. निंबोळी पेंड मातीत मिसळली तरी फरक पडतो.

१६. ऋतू बदलला की झाड बिघडतं. प्रत्येक मोसमात काय बदलू?

कोकणात आणि मुंबईत पावसाळा हाच परीक्षेचा काळ. हवा दमट, ऊन नाही, माती सुकतच नाही. झाड पावसाच्या झडीतून आत घ्या, पाणी निम्म्याहून कमी करा, पंख्याचा मंद वारा लागू द्या.

विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळा कठीण. कूलर असलेल्या खोलीत झाड खुश असतं, फक्त झोत थेट अंगावर नको. पाण्याचे फवारे मारण्यापेक्षा चार कुंड्या एकत्र ठेवलेल्या बऱ्या. फवाऱ्याचा ओलावा काही मिनिटांत उडून जातो. उन्हात तापलेल्या टाकीचं गरम पाणी दुपारी घालू नका.

पुणे, नाशिक या पट्ट्यात थंडी. निफाडसारख्या ठिकाणी पारा एक आकडी होतो आणि या झाडाला बारा-तेरा अंशांच्या खाली त्रास सुरू होतो: पानं काळपट, पाणचट होतात. रात्री आत घ्या, पाणी कमी, खत बंद, कुंडी बदलणं फेब्रुवारीपर्यंत पुढे ढकला. न्यू जर्सी किंवा लंडनहून विचारणाऱ्यांनाही हेच, शिवाय झाड हीटरच्या अगदी शेजारी नको आणि हिवाळ्यात सर्वांत उजेडाची खिडकी द्या.

१७. काचेच्या बरणीत नुसत्या पाण्यावर ठेवता येईल?

येईल. माती पूर्ण धुऊन काढा, फक्त मुळं पाण्यात राहू द्या, बुंधा पाण्याच्या वर. मातीतली काही मुळं सुरुवातीला मरतात आणि पाण्याला सरावलेली नवी येतात, त्यामुळे पहिले काही आठवडे झाड रुसल्यासारखं दिसेल.

पण आठवड्याला पाणी पूर्ण बदलायचं आणि बरणी आतून घासायची शिस्त नसेल तर हा उद्योग नको. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि साधारण आठवडा-दहा दिवसांत नवे डास तयार होतात. कुंडीखालच्या ताटलीत साठणाऱ्या पाण्यालाही हेच लागू. पावसाळ्यात पालिकेचे कर्मचारी घरी येऊन ताटल्या उचलून बघतात ते उगाच नाही.

१८. गणपतीला आठ-दहा दिवस गावी जातोय. झाडाचं काय?

निघण्याआधी पोटभर पाणी द्या, नीट निथळवा आणि खिडकी असलेल्या बाथरूममध्ये ठेवा. पावसाळी हवेत एवढं पुरतं. मे महिन्यात जात असाल तर वात लावा: जाड सुती दोरी ओली करून एक टोक कुंडीच्या मातीत चार बोटं खोल, दुसरं पाण्याच्या बाटलीत तळापर्यंत, बाटलीचं तोंड झाकून. निघायच्या दोन दिवस आधी लावून बघा, दोरी पाणी ओढते का ते कळेल. ताटलीत पाणी भरून जाऊ नका (प्रश्न ४ आणि १७).

१९. घरात मांजर आहे आणि रांगतं बाळ आहे. ठेवू का?

ठेवा, पण उंचावर. पीस लिली अळूच्या कुळातली आहे, आणि कच्च्या अळूने घसा खाजतो तेच कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक हिच्या पानांतही असतात. चावल्यास तोंडाची आग, लाळ, कधी उलटी. बाळाने चावलं तर तोंड पुसून, धुऊन थोडं थंड पाणी किंवा दूध द्या, उलटी करवू नका. ओठ-जीभ सुजली, गिळायला किंवा श्वासाला त्रास झाला तर लगेच डॉक्टर.

मांजरवाल्यांसाठी एक फरक महत्त्वाचा. खऱ्या लिलीने मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात, ती प्राणघातक आहे. पीस लिली त्या कुळातली नाही, तिने तसं होत नाही. तरी मांजर लाळ गाळत असेल तर पशुवैद्यांना दाखवा आणि झाडाचा फोटो सोबत न्या.

२०. हवा शुद्ध करते हे खरं का? बेडरूममध्ये चालेल?

बेडरूममध्ये खुशाल ठेवा. रात्री ती सोडते तो कार्बन डायऑक्साइड शेजारी झोपलेल्या माणसाच्या तुलनेत नगण्य आहे. शुद्धीचा दावा मात्र ताणलेला. त्याचं मूळ नासाच्या १९८९च्या अभ्यासात आहे. त्यात झाडं छोट्या, हवाबंद पेट्यांत ठेवून बेंझीन, फॉर्माल्डिहाइड अशी रसायनं किती कमी होतात ते मोजलं होतं. आपलं घर हवाबंद पेटी नाही. २०१९मध्ये अमेरिकी संशोधकांनी असे जुने प्रयोग एकत्र तपासले. साध्या वायुवीजनाची बरोबरी करायला दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडं लागतील, असा त्यांचा हिशोब निघाला. खिडकी उघडा.

२१. पान पाण्यात ठेवून नवं रोप होईल का? आणि पानाच्या टोकाला सकाळी पाण्याचे थेंब असतात ते काय?

पानाला मुळं फुटणार नाहीत. कुंडी भरली की गड्डा बाहेर काढून हाताने फुटवे वेगळे करा. प्रत्येकाला स्वतःची मुळं आणि निदान तीन-चार पानं हवीत. फेब्रुवारी-मार्च किंवा पावसाळ्याची सुरुवात चांगली. वेगळं केल्यावर आठवडाभर मान टाकलेली दिसेल. माती ओलसर असेल तर घाबरून पाणी वाढवू नका.

थेंबांची काळजी नको. रात्री मुळांनी ओढलेलं जास्तीचं पाणी पानाच्या कडेतून बाहेर येतं. रोज, भरपूर येत असेल तर पाणी जरा कमी करा.

२२. आता सोडून द्यावं, हे कधी ठरवायचं? आणि तीच माती पुन्हा वापरू का?

खुंट मऊ, एकही टणक मूळ नाही, बुंध्याला वास येतोय: सोडा. एक अपवाद आधी तपासा. नर्सरीतून नुकतंच आणलेलं रोप असेल तर गोळ्याच्या मध्यभागी कधी कधी जाळीदार कापडाची पुडी निघते, प्रयोगशाळेतून आलेल्या छोट्या रोपाची. बाहेरची माती कोरडी आणि पुडी चिंब, असं झालं की आतून कूज सुरू होते. पुडी कापून काढल्यावर कडेचा एखादा फुटवा चांगला सापडतो, तेवढा जगवता येतो.

कुजून मेलेल्या झाडाची माती दुसऱ्या पीस लिलीला, मनी प्लांटला किंवा अँथुरियमला वापरू नका. सिलिंड्रोक्लेडियम, पिथियम यांसारख्या मुळकूज करणाऱ्या बुरशी त्यात टिकून असतात. ती कुंड्यांपासून लांब टाका, स्वयंपाकघरातल्या कंपोस्टमध्येही नको. कुंडी घासून, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी यांत अर्धा तास बुडवा, स्वच्छ धुवा आणि दोन दिवस कडक उन्हात वाळवा. कात्रीही त्याच दिवशी स्पिरिटने पुसून ठेवा.